वेगाची हौस नाही, फक्त रूप आवडलं म्हणून स्पोर्ट्स कार घ्यावी का?

पॅटर्नवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. प्रश्न शीर्षकातच आहे. पण एवढंच विचारलं तर निम्मी उत्तरं "त्यापेक्षा फॉर्च्युनर घ्या" अशी येतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरचा, वय ५४. शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत वाळूचा साचा ज्याच्यावर दाबून काढतात तो नमुना आम्ही बनवतो, सोबत कोअर बॉक्स, म्हणजे ओतीवात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा काढायची पेटी. वडील सागवानात काम करायचे, रंधा आणि पटाशी घेऊन. आता सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ॲल्युमिनियम आणि रेझिन चालतं, तरी शेवटचा हात माणसाचाच फिरतो. आमचं सगळं काम आकाराचं. कुठे किती ड्राफ्ट, म्हणजे कडांना उतार, द्यायचा म्हणजे पॅटर्न वाळू न मोडता वर निघेल, आतल्या कोपऱ्यात किती फिलेट, म्हणजे गोलाई, ठेवायचं म्हणजे ओतीव तडकणार नाही, पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, कुठून न्यायची, बीड म्हणजे ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं ते मापात कसं धरायचं. पंपाची हाउसिंग, गिअरबॉक्सची केसिंग, ब्रॅकेट असले नग. ट्रकच्या खाली, ट्रॅक्टरच्या पोटात, विहिरीवरच्या मोटारीला. त्यातला एकही रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही, आणि दिसावा म्हणून तो केलेलाही नसतो. याचं मला दुःख नाही. पण आकार बघायची नजर त्यातनं आली.

पुण्यात एका दोस्ताला त्याची एसयूव्ही विकायची होती म्हणून बाणेरला जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये सोबत गेलो. आत जॅग्वारची एफ-टाइप कूपे, म्हणजे बंद टपाची दोन दारांची स्पोर्ट्स कार, उभी होती, २०१८ची, गडद करडी. वर ट्यूबलाइटच्या लांब रांगा. आमच्याकडे पॅटर्न घासून पुसून तयार झाला की ट्यूबखाली तिरका धरून बघतात. प्रकाशाची रेघ जिथे मोडते तिथे पृष्ठभागात खोट असते. सवयीनं नजर तिकडेच गेली. दारावर रेघ जवळपास सरळ होती, मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर येताना रुंद झाली, टेललॅम्पकडे वळताना पुन्हा बारीक. कुठेही तुटली नाही. खाली बसून पाहिलं, पलीकडून पाहिलं, तरी नाही. तिथल्या पोराला विचारून हात फिरवला. त्रिज्या हाताखाली सारखी बदलत जाते, पण बदल कुठे सुरू झाला ते अंगठ्याला सापडत नाही. एका नगात हे जमवणं वेगळं आणि प्रेसवर नगामागून नग काढताना जमवणं वेगळं.

घरी येऊन वाचत बसलो. या कूपेची अख्खी बाजू ॲल्युमिनियमच्या एकाच पत्र्यातून दाबून काढलेली आहे, म्हणून छताची कड आणि मागचा पाखा (चाकावरचा पत्रा) यांच्यामध्ये सांधा दिसत नाही. ॲल्युमिनियम पोलादासारखं ताणत नाही, खोल ड्रॉमध्ये, म्हणजे साच्यात खोल ओढताना, पटकन फाटतं. ज्यानं प्रेस टूलवर काम केलंय त्याला यातली जोखीम कळेल. दोन तुकडे करून मध्ये एक पट्टी मारली असती तर काम किती सोपं झालं असतं! त्यांनी ती मारली नाही. रेखाटन इयान कॅलम यांच्या हाताखाली झालं, ॲस्टन मार्टिनची डीबी ७ केली तेच हे. २०११ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात सी-एक्स १६ नावाची कल्पना-गाडी दाखवली, पुढच्या वर्षी पॅरिसला उघड्या टपाची एफ-टाइप आणि २०१३ला कूपे. २०२०मध्ये तोंड बदललं, दिवे आडवे आणि बारीक झाले. लोकांना ते नवं वाटतं. मला जुनेच उभे दिवे बरोबर वाटतात, कारण बॉनेटवरचा उंचवटा तिथनंच उगवतो. नव्यात तो उंचवटा कुठून आला ते कळत नाही.

ही जी उभी आहे ती दोन लिटर, चार सिलिंडर, ३०० हॉर्सपॉवरची. शोरूमवाल्यानं जरा आवाज खाली आणून सांगितलं की हे लहान इंजिन आहे, व्ही ८, म्हणजे आठ सिलिंडरचं, नाही. मी म्हटलं, बॉडी तीच आहे ना? तीच आहे. मग माझ्यासाठी विषय संपला. मला ताशी अडीचशे जायचं नाही. रविवारी पहाटे पन्हाळा, कधी गगनबावडा, साठ-सत्तरच्या वेगात. बाकी दिवस शॉपच्या आवारात उभी राहील आणि जाता-येता दिसेल.

मागणी ५८ लाख आहे. कर्ज काढावं लागणार नाही. मुलीचं सगळं मार्गी लागलंय, मुलगा धंद्यात आहे, घरच्यांना इनोव्हा आहे आणि ती राहणार. मिसेसचं म्हणणं स्पष्ट आहे: "घ्यायची तर घ्या, पण कव्हर घालून ठेवणार असाल तर घेऊ नका." ते मला पटलंय.

अडतंय ते दुसरीकडे. एक म्हणजे, ज्या गोष्टीचा उपयोग बघणे हाच आहे तिच्यावर एवढा पैसा घालावा का, हे मी मनाशी नीट ठरवू शकत नाही. वडिलांनी आयुष्यात शोभेची एक वस्तू घेतली नाही. दुसरं, गिऱ्हाइकांचे परचेसवाले शॉपवर येतात. गेटात जॅग्वार दिसली की पुढच्या कोटेशनला काय ऐकावं लागेल ते धंदा करणाऱ्यांना सांगायला नको. तिसरं, आमचे रस्ते.

ज्यांनी अशी गाडी ठेवली आहे त्यांनी सांगावं. सांभाळायला काय लागतं? आणि मुख्य म्हणजे, वर्ष-दोन वर्षांनी तिच्याकडे बघणं होतं का, की नजरेला सवय होऊन जाते?

घाटवाट

दादा, तुमची ट्यूबलाइटची गोष्ट वाचून मी माझ्या गाडीच्या पाख्यावर टॉर्च मारून बघितला. माझ्याकडे गेली सहा वर्षं दोन सीटची गाडी आहे, कंपनी वेगळी आहे, नाव सांगत नाही कारण पुढे थोडं कुरकुरणार आहे. पुण्यात राहतो, कोथरूडला.

नजरेला सवय होते का? होते, पण समोरून पाहायची सवय होते. संध्याकाळी पार्किंगच्या पिवळ्या दिव्यात मागनं पाहिली की मी अजून थांबतो. त्यामुळे त्या बाबतीत निश्चिंत राहा. तुमच्यासारख्या माणसाची नजर आमच्यापेक्षा उशिरा मरेल.

आता सांभाळायचं. पहिलं काम, घराच्या आणि शॉपच्या गेटचा उतार मोजा. या गाड्यांना जमिनीपासून उंची कमी असतेच, पण खरा त्रास पुढच्या लांब नाकाचा. चाक चढायच्या आधी ओठ टेकतो. माझ्या सोसायटीच्या रॅम्पवर पहिल्याच आठवड्यात खालचं प्लास्टिक फाटलं होतं. तिरकं चढवायचं, एक चाक आधी, मग दुसरं. स्पीड ब्रेकरलाही तेच. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, वाजवू द्या. एफ-टाइप जवळपास १.९ मीटर रुंद आहे आणि उंची जेमतेम १.३ मीटर. म्हणजे पन्हाळ्याच्या वाटेवर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला तर त्याच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसणार नाही. दिवे दिवसासुद्धा चालू ठेवा.

दुसरं, गाडी उभी राहून खराब होते. आठवड्यातून एकदा इंजिन नीट तापेपर्यंत चालवायची, नुसती जागेवर सुरू करून बंद करायची नाही. बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा. टायर एकाच जागी उभे राहून चपटे होतात, जागा थोडी बदलत राहा. पेट्रोलचंही बघा. आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे आणि २०१८ची गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. इंधनाच्या टाकीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं. पुण्या-मुंबईत काही पंपांवर १०० ऑक्टेन मिळतं, कोल्हापुरात जवळ कुठे मिळेल ते आधी शोधून ठेवा. निदान महिनोन् महिने तेच पेट्रोल टाकीत पडून राहू देऊ नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

तिसरं, आणि हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ज्या पत्र्याच्या प्रेमात पडलात तोच दुरुस्तीला अवघड. ही बॉडी वेल्डिंगची नाही, ॲल्युमिनियम रिव्हेट आणि ॲढेसिव्हनं जोडलेलं आहे. कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला हातोडी घेऊन बसला की संपलं. ॲल्युमिनियमचं काम वेगळ्या जागी, वेगळ्या हत्यारांनी करावं लागतं, लोखंडाची धूळ त्यात गेली तर पुढे गंज धरतो. मोटारसायकलवाल्याचं हँडल त्या मागच्या फुगवट्याला लागलं तर तुम्हाला रात्री झोप येणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा. एकाच पत्र्याची बाजू म्हणजे बदलायची वेळ आली तर तेवढा तुकडा मिळत नाही.

एक अजून, रूप आणि काम वेगळं काढता येत नाही. ऑडीची पहिली टीटी १९९८ला आली तेव्हा तिची शेपटी इतकी गोल आणि साफ होती की सगळे बघत राहिले. पण फार वेगात मागची बाजू हलकी पडायची, अपघात झाले, आणि मग कंपनीनं मागे स्पॉयलर, म्हणजे हवेनं शेपटी खाली दाबणारी पट्टी, बसवला आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, दिलं. ज्यांनी रूपासाठी घेतली होती त्यांतल्या कितीतरी जणांना तो स्पॉयलर डोळ्यांत खुपला. एफ-टाइपमध्ये स्पॉयलर शेपटीत लपवलेला आहे, वेग वाढला की आपोआप वर येतो. उभी असताना तुम्हाला जी साफ रेघ दिसते तिच्याखाली मोटर, बिजागऱ्या आणि वायरिंग आहे. ते चालतंय का बघा.

नाना_कराड

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. माझी मशीन शॉप आहे, तुमच्याच जातीचा माणूस.

५८ लाखांत चांगली व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन, येते, वर थोडं टूलिंगही होतं. ती रात्रपाळीला चालते. गाडीचं उलट. आज घेतली की उद्यापासून उतरती. त्यात ही आयात केलेली, २०२४ला उत्पादन थांबलेली. पुढे पार्टस कुठनं येणार, किती महिन्यांनी येणार? आणि परचेसवाल्यांचं तुम्ही स्वतःच लिहिलंय. माझ्या एका ओळखीच्या माणसानं मोठी जर्मन गाडी घेतली, पुढच्या मीटिंगला पहिला प्रश्न "मार्जिन बरं दिसतंय" असा आला. लेबरही बघतो. दिवाळीला बोनसचं बोलायला येतात तेव्हा गाडी दारात उभी असते.

तरी घेणारच असाल तर कागदाचं ऐका. कंपनीच्या नावावर घेऊ नका. जीएसटीचं क्रेडिट असल्या गाडीवर मिळत नाही, आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या किंवा आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के धरतात. तुमची जुनी आहे, एमएच पासिंगची असेल तर कर भरलेला असणार, फक्त नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. पण दिल्लीची स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका. तिकडनं एनओसी आणायची, मग इथे वयाप्रमाणे पुन्हा कर भरायचा, आणि त्यात जी वणवण होते ती वेगळीच. डीलरकडून दहा लाखांच्या वर घेतलीत की तो एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच घ्यायचा आयकर, लावेल, ते रिटर्नमध्ये मागून घ्या, बरेच जण विसरतात.

विम्यात आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती किंमत, किती धरतात ते आधी विचारा. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीला तो आकडा तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, ठरलेला तक्ता नसतो. आणि झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, जुन्या गाडीला प्रत्येक कंपनी देत नाही. ॲल्युमिनियमची बॉडी आणि झीरो डेप नाही, हे गणित मांडून बघा.

मृण्मयी_शिल्प

मी सांगलीची, शिल्पकला शिकवते. नाना, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते व्हीएमसी घ्यायची की नाही याचं उत्तर आहे. विचारणाऱ्यांनी तो प्रश्न विचारलेला नाही.

ज्या वस्तूचा उपयोग बघणे एवढाच आहे ती आपण घेतोच. कोल्हापुरात आबालाल रहिमानांचं चित्र ज्या घरात आहे त्या घराला कुणी त्याचा परतावा विचारत नाही. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा माणसं रस्त्याच्या कडेला थांबून बघतात. ती किती वेगात जाते याच्याशी कुणाला काय करायचंय? न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं १९९६मध्ये जॅग्वारची ई-टाइप स्वतःच्या संग्रहात घेतली. १९६१ला जिनिव्हात आली ती गाडी. तिचा आकार माल्कम सेयर यांनी काढला, ते विमानाच्या कारखान्यातून आलेले, वळणं गणितानं मांडायचे. पॅटर्नवाले, तुमचे तेच खरे पूर्वज, कॅलम नव्हेत. तुमच्या एफ-टाइपचे मागचे दिवे बघा, ई-टाइपची आठवण त्यांत सरळ दिसते.

पण माझी शंका वेगळी आहे. गाडी चालवणाऱ्याला गाडी दिसत नाही. तुम्ही पन्हाळ्याला जाल तेव्हा तो फुगवटा तुम्हाला आरशात चार बोटं दिसेल, बाकी सगळा रस्त्यावरच्या लोकांना. मग तुम्हाला गाडी हवी आहे की तो आकार रोज जवळ हवा आहे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आकारच हवा असेल तर तुमच्यासारखा माणूस त्या मागच्या पाख्याचं माप घेऊन सागवानात तो स्वतः करू शकतो. मी हे मनापासून सुचवतेय. मला तुमच्या हातचा तो तुकडा बघायला आवडेल.

पॅटर्नवाला_शिरोली

सगळ्यांचे आभार. इतकं नीट कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. एकेकाला उत्तर देतो.

मृण्मयीताई, तुमच्या शेवटच्या ओळींनी मला थांबवलं. खरंच विचार केला. करता येईल, स्कॅन करून सीएनसीला टाकला तर काहीच अवघड नाही, हातानं केला तर महिना-दीड महिना जाईल. पण सागवानात केलेला फुगवटा सागवानाचाच होईल. माझ्या मनाला जे लागलं ते नुसतं वळण नाही. तो दोन-अडीच फुटांचा पाखा चाकाभोवती उभा आहे, आत सस्पेन्शन आहे, त्याखाली हवा जाते, आणि एवढं सगळं सांभाळूनही कारखान्यात कुणीतरी अडून बसलं की इथे सांधा दिसणार नाही. पैशाच्या माणसानं नक्की विचारलं असेल की दोन तुकड्यांत का नको. आमच्या धंद्यात हा वाद रोज होतो. पार्टिंग लाइन मधोमध घेतली तर पॅटर्न स्वस्त होतो, पण ओतीवावर ग्राइंडिंगची खूण राहते. गिऱ्हाईक म्हणतं चालेल. आपण म्हणतो चालेल. मी आयुष्यभर "चालेल" म्हणत आलोय, कारण माझा नग ट्रकखाली जाणार आहे आणि तिथे ते खरोखर चालतं. जिथे कुणीतरी "चालणार नाही" म्हणालं आणि शेवटपर्यंत नेलं, ती वस्तू मला माझ्या शॉपच्या आवारात हवी आहे. माझ्या पोरांनी, म्हणजे कामगारांनी, तिच्यावर हात फिरवून बघावं असं वाटतं. त्यांतले दोघे तिशीच्या आतले आहेत, हात चांगला आहे, पण पृष्ठभाग म्हणजे काय हे त्यांना मी स्क्रीनवर दाखवून समजावू शकलेलो नाही. झेब्रा पट्ट्यांचं, म्हणजे पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पाडून खोट शोधायचं, ॲनालिसिस सॉफ्टवेअरमध्ये असतं, बटण दाबलं की दिसतं, पण ते त्यांच्या हातात उतरत नाही.

चालवताना दिसत नाही हे खरं. पण मी चालवीन ती कमी आणि बघीन ती जास्त. आरशातली चार बोटंही बास आहेत.

नाना, व्हीएमसीचा हिशेब मी मांडला होता. मशीन गेल्या वर्षी घेतलंय, आता तिसऱ्याला काम पुरणार नाही. हा पैसा धंद्यातून काढून नेत नाही, तो माझ्या वाट्याचा बाजूला ठेवलेला आहे. बोनसचं म्हणाल तर आमच्याकडे दिवाळीचा आकडा गणपतीलाच ठरतो आणि सगळ्यांना माहीत असतो, त्या बाबतीत मला कुणाच्या डोळ्यांत बघायची भीती नाही. परचेसवाल्यांचं मात्र तुमचं बरोबर. त्यावर मी असं ठरवलंय की गाडी गेटात न ठेवता मागच्या शेडमध्ये, पॅटर्न स्टोअरच्या शेजारी ठेवायची. ज्याला दाखवायची त्याला नेऊन दाखवायची. लपवायची नाही, पण मिरवायचीही नाही. नाव माझंच लागेल, कंपनीचं नाही. एमएच १२ची आहे, पहिलाच मालक, कागद बघितलेत. टीसीएसचं मला ठाऊक नव्हतं, सीएला विचारतो. आयडीव्हीचे दोन कंपन्यांकडून आकडे मागवलेत आणि दोघांत बराच फरक आलाय, तेव्हा अजून एक-दोन ठिकाणी विचारतो.

घाटवाट, लहान इंजिनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. मी वाचलं की हे चार सिलिंडरचं इंजिन व्ही ६पेक्षा ५२ किलो कमी भरतं आणि तो फरक बहुतेक पुढच्या चाकांवरचा आहे. घाटात त्याचा फायदा होत असेल ना? आणि एक तुम्हाला पुण्यात बसून सुचणार नाही ते विचारतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला. शॉप उंचावर आहे, आत पाणी आलं नाही, पण येण्याजाण्याच्या वाटेवर होतं. अशा गाडीचं पावसाळ्यात लोक काय करतात?

घाटवाट

फायदा होतो. नाक हलकं असलं की वळणात शिरताना गाडी लवकर ऐकते, आणि तुमच्या वेगाला ३०० घोडे म्हणजे भरपूर झाले. आवाजाची हौस असलेले लोक तुम्हाला नावं ठेवतील, त्यांची हौस वेगळी आहे.

पावसाळ्यात मी जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास काढतच नाही, उघडीप बघून एखादी फेरी. पाण्यातून नेण्याचा विषयच नाही. या गाड्यांत हवा घ्यायचं तोंड खाली असतं, एक घोट पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्टचं कलम वेगळं घ्यावं लागतं, साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही. पाणी वाढायला लागल्याची बातमी आली की गाडी जिथे आहे तिथे राहू द्या, आणायला जाऊ नका.

गॅरेज_मिरज

मिरजेत गॅरेज आहे, आयात गाड्या अधूनमधून येतात. फक्त तपासायचं सांगतो, घ्या-नको घ्या यात पडत नाही.

शोरूमच्या ट्यूबखाली बघितलंत ते छान केलंत, आता लिफ्टवर चढवून खालनं बघा. अंडरबॉडीची झाकणं काढायला लावा. ती घासलेली असली तर हरकत नाही, पण त्यामागे सबफ्रेम (सस्पेन्शन ज्याला जोडतात तो सांगाडा) आणि चाक धरणाऱ्या कंट्रोल आर्मची बसायची जागा ठोकलेली नको. पेंटची जाडी मोजायचं मशीन न्या, पण लक्षात ठेवा, लोखंडासाठीचं साधं मशीन ॲल्युमिनियमवर आकडा दाखवत नाही, दोन्ही धातूंवर चालणारं मागवा. मागच्या दोन्ही फुगवट्यांवर वरनं खाली मोजत जा आणि डावा-उजवा ताडून बघा. एका बाजूचा आकडा मोठा आला तर तिथे रंगकाम झालंय. नुसता ओरखडा झाकलाय की पुट्टी भरलीय ते जाडीवरून कळतं.

कूलंटची बाटली बघा, झाकणाखाली वाळलेली पांढरी-गुलाबी खूण असेल तर कुठेतरी पाझर आहे. या वयात प्लास्टिकचे कूलंट पाइप आणि जोड उष्णतेनं ठिसूळ व्हायला लागतात, हे कुठल्याही कंपनीच्या टर्बो गाडीत होतं. दाराची हँडलं पत्र्यात बसणारी आहेत, चारदा आतबाहेर करून बघा, एखादं अडकत असेल तर मोटर गेलेली असते. गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डच्या मधले एसीचे व्हेंट वर येतात, तेही बघा. बॉनेट पुढच्या बाजूला उघडतं आणि फार मोठं आहे, चारही बाजूंची फट सारखी आहे का हे तुम्हाला मी सांगायला नको.

सगळ्यात शेवटी स्कॅनर लावा आणि जुने एरर कोड प्रिंट करून मागा. शोरूमवाला नाही म्हणाला तर निघून या.

पॅटर्नवाला_शिरोली

मिस्त्री, हे सगळं लिहून घेतलं. फटीसाठी फीलर गेज घेऊनच जातो. दोन धातूंचं मशीन आमच्या शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याकडे आहे, शनिवारपुरतं मागितलंय.

ठरवलंय ते असं. डावा आणि उजवा फुगवटा दोन्ही मूळ रंगाचे निघाले तर घेणार. त्यातला एक जरी पुट्टीचा निघाला तर नाही, मग किंमत कितीही खाली आली तरी. कारण मी पैसे ज्याचे देतोय ते तेवढंच आहे. गेटचा उतार काल मोजला, शॉपचा ठीक आहे, घराचा फार खडा आहे. गवंड्याला सोमवारी बोलावलंय. गाडी शॉपवरच राहणार असली तरी मिसेसना दारातून तीत बसता आलं पाहिजे.

मृण्मयीताई, गाडी आली तर तुमच्या विद्यार्थ्यांना घेऊन या. रविवारी शॉप बंद असतं, ट्यूब सगळ्या लावून ठेवतो. ई-टाइपबद्दल वाद घालायचाय तुमच्याशी.

शनिवारी सकाळी अकराला बाणेरला पोचतो. घाटवाट, जमत असेल तर या. लिफ्टखाली चार डोळे असलेले बरे.